कावळ्याचे कोठार

कावळ्याला कोणी आमंत्रण देत नाही. पोपटाला पिंजऱ्यात का होईना पण मान मिळतो, कोकिळेला गाण्यात जागा मिळते. कावळ्याच्या वाट्याला बहुधा दगड येतो. अंगणात वाळत घातलेली मासळी तो पळवितो, कोंबडीच्या पिलांवर डोळा ठेवतो, आणि त्याचा आवाज तर कोणाच्याच कानाला गोड लागत नाही. आपले हिंदू शेजारी पितृपंधरवड्यात त्याच्यासाठी घास काढून ठेवतात व भक्तिभावाने त्याची वाट पाहतात. एरव्ही वर्षभर त्याची वाट पाहणारे घर विरळाच. असे असता, आपल्या शिष्यांच्या मनातील चिंता घालविण्यासाठी प्रभू येशूने ज्या पाखराकडे बोट दाखविले, ते पाखरू म्हणजे हा कावळाच होय.

संत मात्थेवच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, हा उपदेश आकाशातील पाखरांच्या नावाने येतो. संत लूकने मात्र बाराव्या अध्यायात पाखराचे नाव घेतले आहे. मूळ ग्रीक शब्द 'कोराक्स' असा असून तो रेव्हन या थोराड काळ्या काकाचा वाचक आहे. आपल्या मराठी शास्त्रात त्याला 'कावळा' म्हटले आहे. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात ज्या पक्ष्यांचे मांस खाण्यास मनाई केली आहे, त्यांत या पक्ष्याचे नाव आहे. म्हणजे, जे पाखरू यहुदी लोक अशुद्ध मानीत, तेच प्रभूने त्यांच्यापुढे ठेवले. ते पेरीत नाही, कापीत नाही, त्याला कोठी नाही की कोठार नाही, आणि तरीही देव त्याला खावयास देतो, असे त्याने सांगितले.

या उपदेशाच्या अगोदरचा दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. एका धनवान शेतकऱ्याला अमाप पीक आले. त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत केला. आणि त्याच रात्री त्याच्याकडून त्याचा प्राण मागितला गेला. कोठारे बांधणारा शेतकरी आणि कोठार नसलेला कावळा ही दोन चित्रे प्रभूने मुद्दाम शेजारी शेजारी मांडली आहेत.

आता येथे एक शंका निघते, आणि पावसाळा तोंडावर आला की ती अधिकच निघते. घरोघरी बेगमी चालू असते. कणगीत भात भरले जाते, आमसुले वाळतात, सुके बांगडे व मिरच्या डब्यांत जातात, फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून ठेवल्या जातात. कष्टाळू गृहिणी विचारते, "प्रभू म्हणतो की साठवू नका, मग आम्ही हे करतो ते चूक की काय? आणि नाही केले, तर आषाढात पोरांच्या ताटात काय वाढावे?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घरात चार महिन्यांचे धान्य नसते, त्या घराला सावकाराचा उंबरठा चढावा लागतो, हे खेड्यात राहणाऱ्याला शिकवावे लागत नाही.

त्यात आणखी एक अडचण अशी की, कावळा मुळीच साठवीत नाही, हे खरे नव्हे. तो साठवितो. किंबहुना, साठविण्याच्या कलेत त्याच्या घराण्याचा हात धरणारी पाखरे फार थोडी आहेत. हे ऐकून भाविक वाचकाने दचकू नये. पाखराकडे नीट पाहा असे प्रभूनेच सांगितले आहे. तेव्हा आपण नीट पाहू.

पक्षिशास्त्रज्ञ ज्याला काककुल म्हणतात, त्यात जगभरातील सुमारे १३० जाती मोडतात. गोव्यात व बेळगाव-खानापूरच्या रानपट्ट्यात या कुळातील तीन मंडळी सहज भेटतात. राखी मानेचा गावकावळा हा आपल्या परसातला. सर्वांगाने काळा व जाड चोचीचा डोमकावळा हा गावाच्या कडेचा व रानातला. आणि लांब शेपटीचा, तांबूस अंगाचा, काळ्या डोक्याचा टकाचोर हा झाडांवरचा. दुसऱ्यांच्या घरट्यांतील अंडी चोरण्याबद्दल त्याची ख्याती असल्याने त्याच्या नावातला 'चोर' त्याला शोभतो. युरोप-अमेरिकेतील जे, मॅगपाय, नटक्रॅकर ही पाखरेही याच कुळातली. शास्त्रातला रेव्हन आपल्या सह्याद्रीत आढळत नाही. भारतात तो हिमालयात आणि राजस्थान-कच्छकडील रुक्ष प्रदेशात दिसतो. चोचीपासून शेपटीपर्यंत तो दोन फुटांहून लांब भरतो आणि त्याचे वजन किलोपेक्षा अधिक असते.

हा रेव्हन मेलेल्या जनावरावर उतरला म्हणजे पोट भरल्यावर थांबत नाही. घशात मांस भरून तो दूर जातो, जमिनीत किंवा बर्फात खळगा करतो, घास त्यात पुरतो आणि वर पाला ओढतो. कौलांच्या फटीत भाकरीचा तुकडा खुपसून उडून जाणारा आपला गावकावळाही पुष्कळांनी पाहिला असेल. परंतु या विद्येतील खरा आचार्य म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पर्वतांत राहणारा नटक्रॅकर. पाइन वृक्षाच्या बिया जिभेखालच्या पिशवीत भरून तो एका हंगामात हजारो बिया ठिकठिकाणी थोड्या थोड्या पुरतो आणि कित्येक महिन्यांनी, बर्फ पडल्यावरही, त्यांतील पुष्कळशा बरोबर शोधून काढतो. ज्या काढावयाच्या राहून जातात, त्या रुजतात. तेथील व्हाइटबार्क नावाच्या पाइनची फळे आपोआप उघडून बिया सांडीत नाहीत. त्याची नवी रोपे बहुतांशी या पाखराने पुरून ठेवलेल्या बियांतूनच उगवतात. पाखराने आपल्यापुरते म्हणून जे ठेवले, त्यातील उरलेल्यातून देवाने अरण्य उभे केले.

'स्क्रब जे' नावाच्या अमेरिकन पाखरावर निकोला क्लेटन व अँथनी डिकिन्सन या शास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाखरांना नासणाऱ्या अळ्या व टिकणारे शेंगदाणे असे दोन्ही लपविण्यास दिले. अळ्या नासतात हे ज्यांना अनुभवाने कळले होते, ती पाखरे थोड्याच वेळाने सोडली तर आधी अळ्यांकडे जात. काही दिवसांनी सोडली तर अळ्या टाकून शेंगदाण्यांकडे वळत. काय ठेवले, कोठे ठेवले आणि केव्हा ठेवले, या तिन्ही गोष्टींचे भान त्यांना होते. आपल्या चतुर गृहिणीलाही याहून अधिक काय ठाऊक असावे लागते?

येथवर सर्व कौतुकाचेच आहे. परंतु साठवण आली की तिच्यामागून दुसरे काही तरी येते. २००१ मध्ये नेथन एमरी व क्लेटन यांनी याच पाखरांविषयी आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. लपविताना दुसरे पाखरू पाहत असेल, तर एकांत मिळताच मूळचे पाखरू आपला घास काढून नव्या जागी लपवी. परंतु सर्वच पाखरे असे करीत नसत. ज्यांनी पूर्वी दुसऱ्याचा घास चोरला होता, तीच करीत. ज्यांनी कधी चोरी केली नव्हती, ती आपला घास होता तेथेच राहू देत. चोराच्या मनात चांदणे ही आपली म्हण पाखरांच्या पिंजऱ्यात अशी खरी ठरली.

रेव्हनची गोष्ट याहून विलक्षण आहे. ऑस्ट्रियातील थॉमस बुग्न्यार व त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन खोल्यांमधील भिंतीला लहानसे भोक होते आणि त्यातून पलीकडचे दिसते, हे रेव्हनना अगोदर शिकविलेले होते. पुढे पलीकडच्या खोलीत कोणीही नसता केवळ रेव्हनच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण लावले. भोक उघडे असले म्हणजे अलीकडचा रेव्हन, कोणी टपून पाहत आहे असे समजून, घास घाईघाईने लपवी व लपविलेल्या जागेकडे पुन्हा फारसा फिरकत नसे. भोक बंद असले, तर तोच आवाज ऐकूनही तो निवांत असे. पलीकडे कोणीच नव्हते. भीती मात्र खरी होती.

पाखराला आम्ही दोष देत नाही; त्याला विवेकबुद्धी नाही आणि पापही नाही. पण वाचकहो, ही भीती आपल्या ओळखीची नाही काय? भरलेल्या कणगीच्या घरात रात्री कडी दोनदा तपासली जाते. भावाने सहज विचारले की "यंदा किती खंडी झाले?" तर उत्तर देण्यापूर्वी मनात हिशेब होतो. शेजारीण सुपात काय घेऊन चालली आहे, याकडे खिडकीतून पाहिले जाते. वाटणीच्या वेळी ज्याने एक पायली अधिक लाटली, त्याला पुढे आयुष्यभर सर्वजण आपली पायली लाटण्यास टपले आहेत असे वाटते. आणि एका बांधासाठी दोन सख्ख्या भावांची घरे कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत बसतात. धान्य घरात आले, पण स्वस्थता बाहेर गेली. प्रभू ज्या चिंतेविषयी बोलला, ती रिकाम्या पोटाचीच असते असे नाही. भरल्या कोठारात तिला राहावयास अधिक जागा मिळते.

आता दाखल्यातील धनवानाकडे पुन्हा पाहू. त्याचा अपराध कोणता? त्याने चोरी केली नाही, कोणाला फसविले नाही. जमिनीने दिले तेच त्याने घेतले. परंतु त्याचे सारे बोलणे स्वतःशीच आहे. माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव. त्यात बायकोमुले नाहीत, गडीमाणसे नाहीत, दारचा भिकारी नाही आणि देव तर नाहीच. दाखल्याच्या शेवटी प्रभूने दोष दिला तो, देवाच्या दृष्टीने धनवान न होता केवळ स्वतःसाठी साठविणाऱ्याला. 'स्वतःसाठी' या शब्दावर सारा भार आहे. कावळाही पुरून ठेवतो खरा, पण तो घास म्हणजे उद्यापरवाची शिदोरी. त्याच्या बळावर त्याने आपल्या जिवाला, बरीच वर्षे आता सुखाने बस, असे कधी सांगितले नाही. कोठार म्हणजे काय, हे त्या शेतकऱ्याच्या बोलण्यावरून समजते: ज्याच्या आधारावर माणूस देवाला विसरून निर्धास्त होतो, ते कोठार. असले कोठार कावळ्याला नाही.

देव खावयास देतो, याचा अर्थ बसल्या जागी देतो असाही नव्हे. पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत कावळ्याइतके श्रम करणारे पाखरू क्वचितच असेल. कावळ्याची पिले देवाकडे टाहो फोडतात आणि देव त्यांना अन्न देतो, असे ईयोबाच्या ग्रंथात व १४७ व्या स्तोत्रात आले आहे. आता रेव्हनच्या घरट्यात पाहावे तर, आंधळ्या व उघड्या जन्मलेल्या पिलांना नर व मादी दोघेही सुमारे सहा आठवडे चारा आणून भरवीत असतात. पिलाने देवाला हाक मारली आणि देवाने आईबापांच्या चोचीतून उत्तर दिले. आपल्या अंगणातील गोष्ट तर याहून मोठी. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, आणि कावळा-कावळी त्या परक्या पोराला आपल्या पोरांबरोबर वाढवितात. त्यांना ते परके आहे हे कळत नाही, असे कोणी म्हणेल, असो. पण वसंतात आपल्याला जो कोकीळस्वर ऐकू येतो, तो कावळ्याच्या घासावर वाढलेला असतो.

या पक्ष्याच्या हाती, किंवा चोचीत म्हणा, देवाने नेहमी असेच काम दिलेले दिसते. अहाब राजाच्या काळी दुष्काळ पडला तेव्हा एलिया संदेष्टा करीथ ओहोळाजवळ लपून राहिला होता. पहिल्या राजांच्या ग्रंथात, सतराव्या अध्यायात, सांगितले आहे की देवाच्या आज्ञेवरून कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर व मांस आणून देत. जो पक्षी मिळालेला घास लपवून ठेवण्याविषयी प्रसिद्ध, त्याने दुष्काळात आपला घास दुसऱ्यापुढे आणून ठेवला, हा खरा चमत्कार होय.

संतचरित्रांतही त्याची हीच सेवा दिसते. या कथा शास्त्रातील नव्हेत. पण प्राचीन आहेत आणि मोठ्या लेखकांनी लिहिलेल्या आहेत. संत जेरोमने चौथ्या शतकात लिहिलेल्या चरित्रात, मिसरच्या अरण्यातील पहिला एकांतवासी संत पौल याला एक रेव्हन ६० वर्षे रोज अर्धी भाकर आणून देत असे. ज्या दिवशी संत अँथनी भेटीस आला, त्या दिवशी त्याने पुरी भाकर आणली. मग ती मोडावी कोणी, यावर त्या दोघा वृद्धांचा संध्याकाळपर्यंत वाद चालला: एक म्हणे तू पाहुणा, दुसरा म्हणे तू वडील! अखेर दोघांनी दोन बाजू धरून ती ओढली. भाकरीवरून भांडावयाचेच, तर असे भांडावे. संत बेनेडिक्टच्या हातून भाकर घेण्यास रानातला एक रेव्हन रोज येई. एका द्वेष्ट्याने विषारी भाकर पाठविली तेव्हा संताने ती, कोणाच्याही हाती लागणार नाही अशा जागी टाकून येण्यास, त्याच रेव्हनला सांगितले. तो पंख पसरून कर्कश ओरडत घुटमळला, पण शेवटी घेऊन गेला आणि तीन तासांनी परत येऊन आपली नेहमीची भाकर घेऊन गेला. पोप संत ग्रेगरी थोरले यांनी ही कथा सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिली. स्पेनमध्ये ३०४ साली हुतात्मा झालेल्या संत विन्सेंटच्या देहाचे श्वापदांपासून रेव्हनने रक्षण केले, अशी परंपरा आहे. ज्याचे अन्नच मृतदेह, त्याने तेथे आपली भूक आवरली. याच संताची आठवण म्हणून लिस्बन शहराच्या मुद्रेवर जहाजाबरोबर दोन रेव्हन कोरलेले असतात.

आता गृहिणीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. बेगमी करावी. अवश्य करावी. नीतिसूत्रांत मुंगीची बेगमी वाखाणली आहे. योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठविले, आणि देवाने ते आपलेसे केले. कारण दुष्काळात ती कोठारे उघडली गेली. एलियाची गोष्टही ओहोळापाशी संपत नाही. ओहोळ आटला तेव्हा देवाने त्याला सारफथ गावच्या एका विधवेकडे पाठविले. तिच्या मडक्यात मूठभर पीठ व कुपीत थोडे तेल होते. तेवढ्यात आपली व मुलाची शेवटची भाकर करावी आणि मरावे, असे तिने ठरविले होते. त्यातून तिने आधी पाहुण्याला भाकर करून दिली. दुष्काळ सरेपर्यंत मडके रिकामे झाले नाही. योसेफाचे कोठार राजवाड्याएवढे होते आणि विधवेचे मडके तळहाताएवढे. पण दोन्ही उघडी होती. धनवानाचे कोठार बंद होते. कोठाराची लांबी-रुंदी देव पाहत नाही, त्याचे दार पाहतो.

गोव्यात पावसाळ्यापूर्वीच्या या साठवणीला पुरुमेंत म्हणतात; पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो' या शब्दाचे ते आपल्या लोकांच्या तोंडचे रूप आहे. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचे फेस्त पेंतेकॉस्तच्या सुमारास भरते, त्याला पुरुमेंताचे फेस्त म्हणतात. भाविक प्रार्थनाही करतात आणि वर्षासनाची खरेदीही. आमच्या मते यात विसंगती नाही. पवित्र आत्म्याच्या सणाला भरलेली पिशवी घरी आणताना, ती कोणासाठी भरली, एवढे मात्र ध्यानात असावे.

यासाठी आम्ही फार मोठे काही सुचवीत नाही. ईशान्येकडील मिझोराममध्ये प्रॉटेस्टंट घरांतील स्त्रिया १९१० पासून, रोज चुलीवर तांदूळ घालण्यापूर्वी त्यांतील एक मूठ चर्चच्या कामासाठी वेगळी काढीत आल्या आहेत. गरिबातल्या गरीब घरालाही ते साधते. आपल्या माताभगिनींनी यंदाच्या पावसाळ्यात हे करून पाहावे. कणगीशेजारी एक लहान डबा ठेवावा. रोज एक मूठ त्यात टाकावी, आणि ती मुलांच्या हातून टाकवावी. श्रावण येईपर्यंत त्यात दोन-चार पायल्या जमतील. वाडीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे पुरुषांना उशिरा कळते, बायकांना आधी कळते. तेव्हा तो डबा कोठे रिता करावा, हे त्यांना कोणी सांगावयास नको. द्यावयाचे ते सांजवेळी, गाजावाजा न करता द्यावे. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये. आणि ज्या भावाशी बांधावरून बोलणे बंद आहे, त्याच्या घरी तूट असेल, तर पहिली पायली तिकडे जावी. चोराच्या मनातले चांदणे मावळावयाचे असेल, तर त्यावर दुसरे औषध आम्हांस माहीत नाही.

पाऊस सुरू होईल, कौलांवर कावळे अंग चोरून बसतील. मुले दगड उचलतील, त्यांना आवरावे. आणि करीथ ओहोळाची गोष्ट त्यांना चुलीपाशी बसवून सांगावी. देव आपल्या सर्वांची कोठारे भरो, आणि त्यांची दारे उघडी ठेवण्याचे धैर्य आपल्याला देवो.